वकिलाच्या कामाबद्दल तक्रार करताना: आधी दावा वाचवा, मग अर्ज लिहा

वकील फोन उचलत नाहीत, तारखेला काय झाले ते सांगत नाहीत, फी घेऊन वर्ष उलटले तरी दावा दाखलच झालेला नाही, किंवा निकाल विरोधात लागल्याचे थेट बेलिफ दारात उभा राहिल्यावर कळले, अशा कहाण्या आपल्याकडे सर्रास ऐकू येतात. त्यातल्या बहुतेक घरातच राहतात, कारण वकिलाविरुद्ध तक्रार करायची तर दुसरा वकील ती कशाला घेईल, ही भीती मनात असते. काही तक्रारी रागाच्या भरात लिहिल्या जातात आणि चुकीच्या दारावर जाऊन पडतात. हे लेखन महाराष्ट्र व गोव्यातील पक्षकारांसाठी आहे. कोणत्या गोष्टीसाठी कुठे जायचे, काय लिहायचे आणि त्याआधी स्वतःचा दावा कसा सावरायचा, एवढे त्यात सांगायचे आहे.

पक्षकाराला साधारणपणे तीन गोष्टी हव्या असतात: आपले कागद व दावा परत ताब्यात यावा, दिलेले पैसे किंवा झालेले नुकसान भरून मिळावे आणि चुकीबद्दल वकिलाला शासन व्हावे. या तिन्ही गोष्टी एकाच अर्जाने मिळत नाहीत. बार कौन्सिल, म्हणजे वकिलांची नोंदणी करणारी व त्यांच्या वर्तनावर देखरेख ठेवणारी संस्था, वकिलाची सनद (वकिलीचा परवाना) निलंबित करू शकते, पण बुडालेला दावा पुन्हा चालू करू शकत नाही. न्यायालय दावा पुन्हा बोर्डावर घेऊ शकते, पण सनदेला हात लावत नाही. यातले एक दार आता बंद झाले आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्ये वकिलांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते असे म्हटले होते, परंतु सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी ते मत रद्द केले. पक्षकार वकिलाच्या कामावर मोठ्या प्रमाणात नियंत्रण ठेवतो, त्यामुळे हा वैयक्तिक सेवेचा करार ठरतो आणि तो ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर आहे, असा तो निकाल आहे. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करण्याचा सल्ला आजही कोणी दिला, तर तो मानू नये.

दाव्याची खरी स्थिती स्वतः पाहा

तक्रारीचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वी आपल्या प्रकरणात प्रत्यक्षात काय घडले आहे ते वकिलाच्या तोंडून नव्हे, तर न्यायालयाच्या नोंदीतून पाहावे. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा व अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर टाकला की पुढची तारीख, आजवरच्या सर्व तारखा आणि प्रत्येक तारखेचे कामकाज दिसते. सीएनआर माहीत नसेल तर पक्षकाराच्या नावाने किंवा दाव्याच्या क्रमांकानेही शोध घेता येतो. जिथे नोंद अपुरी दिसते तिथे न्यायालयाच्या नक्कल विभागात रोजनाम्याच्या, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या न्यायालयीन नोंदीच्या, प्रमाणित नकलेसाठी स्वतः अर्ज करावा. पक्षकाराला स्वतःच्या दाव्यातील नक्कल मिळवण्यासाठी वकिलाच्या सहीची गरज नसते.

रोजनामा वाचण्याचा कंटाळा करू नये, कारण तक्रारीचा सगळा जीव त्यात असतो. समजा, वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा तालुक्याच्या न्यायालयात चालू आहे. एका तारखेबद्दल वकिलांनी ‘साहेब रजेवर होते’ असे सांगितले आणि रोजनाम्यात मात्र ‘वादी व वादीचे वकील वारंवार पुकारा करूनही गैरहजर, पुराव्याचे शपथपत्र दाखल नाही, शेवटची संधी’ अशी नोंद आहे. पुढच्या तारखेलाही तोच मजकूर आणि त्याच्या पुढच्या तारखेला ‘दावा गैरहजेरीत काढून टाकण्यात येतो’. या तीन ओळी आणि त्याच दिवसांचे वकिलांचे व्हॉट्सअ‍ॅपवरील निरोप शेजारी शेजारी ठेवले की जे चित्र उभे राहते, ते पानभर संतापाने उभे राहत नाही.

नोंद उलटीही निघू शकते. वकील दर तारखेला हजर आहेत, परंतु न्यायाधीशांची बदली झाली, समोरच्याला समन्स बजावले गेले नाही, किंवा आपणच सातबारा, फेरफार आणि वारस नोंदीचे उतारे दिले नाहीत म्हणून काम अडले, असे दिसले तर तक्रारीचा विचार तिथेच सोडून वकिलांशी नीट बोलणे शहाणपणाचे. न्यायालयातील दिरंगाई आणि वकिलाची दिरंगाई यांतला फरक फक्त रोजनामाच दाखवतो.

दावा गैरहजेरीत निकाली निघाला असेल तर एकेक दिवस मोलाचा आहे. काढून टाकलेला दिवाणी दावा पुन्हा नोंदीवर घेण्यासाठी आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. एकतर्फी हुकूमनामा (आपल्या गैरहजेरीत दिलेला न्यायालयाचा निवाडा) रद्द करून घेण्याची मुदतही ३० दिवसांची आहे, मात्र समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल तर ती हुकूमनामा कळल्यापासून मोजली जाते. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपिलासाठी ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस मिळतात, व प्रमाणित नक्कल मिळण्यात गेलेला काळ त्यातून वगळला जातो. मुदत उलटली असल्यास अर्जासोबत विलंबमाफीचा अर्ज जोडावा आणि त्यात प्रत्येक टप्प्याचे कारण तारखेनिशी द्यावे. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटले आहे की, ज्या पक्षकाराने आपल्याकडून शक्य ते सर्व केले त्याला वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा होऊ नये. पण तो हुकमी एक्का नाही. नंतरच्या अनेक निकालांत, पक्षकार स्वतः वर्षानुवर्षे झोपून राहिला असेल तर सगळा दोष वकिलावर ढकलता येणार नाही, असेही न्यायालयांनी बजावले आहे. त्यामुळे आपण वेळोवेळी विचारणा करत होतो याचा पुरावा, म्हणजे संदेश, पत्रे, कॉलची नोंद, दावा वाचवण्यासाठीही लागतो आणि तक्रारीसाठीही.

वकील बदलणे आणि कागद परत घेणे

वकील बदलण्याचा अधिकार पक्षकाराचा आहे आणि त्यासाठी आधी तक्रार सिद्ध करावी लागत नाही. प्रथा अशी की जुने वकील नव्या वकीलपत्रावर ‘ना हरकत’ लिहून सही करतात. ती मिळाली तर काम एका दिवसात होते. मिळाली नाही तर नव्या वकिलाने न्यायालयाला अर्ज करून, ना हरकत का मिळाली नाही याचे कारण सांगून, हजर होण्याची परवानगी घ्यायची असते. पक्षकारानेही जुने वकीलपत्र रद्द करत असल्याचा लेखी, सहीचा अर्ज न्यायालयात द्यावा, कारण न्यायालयाच्या परवानगीने ते संपुष्टात येईपर्यंत जुनेच वकील आपले प्रतिनिधी मानले जातात. ‘मी त्यांना फोनवर सांगितले होते’ याला न्यायालयात काही अर्थ नसतो.

फी बाकी आहे म्हणून कागद देत नाही, हे वाक्य पुष्कळांनी ऐकलेले असेल. याबाबत कायदा पूर्णपणे स्पष्ट आहे. मध्य प्रदेशातील एका सहकारी बँकेच्या वकिलाने फीच्या बिलापोटी बँकेच्या फाइली अडवून ठेवल्या, ते प्रकरण आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००० मध्ये निकाल लागला की, पक्षकाराच्या कागदपत्रांवर वकिलाचा असा कोणताही धारणाधिकार नाही व मागणी केल्यावर कागद न देणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. फीची वसुली वकील दिवाणी दाव्याने करू शकतो, पण त्यासाठी मूळ खरेदीखत अडकवून ठेवू शकत नाही. त्याच न्यायाने, खरोखर केलेल्या कामाची फी बाकी असेल तर ती पक्षकाराने द्यायला हवी. ती चुकवण्यासाठी केलेली तक्रार चौकशीत पहिल्या दिवशी उघडी पडते.

कागद परत घेताना यादी करावी व दोघांच्या सह्या घ्याव्यात. आपण कोरे स्टॅम्पपेपर, कोऱ्या कागदावरच्या सह्या किंवा सही केलेले कोरे धनादेश दिले असतील तर यादीत त्यांचा वेगळा उल्लेख करून ते प्रथम मागावेत. परत मिळाले नाहीत तर धनादेशांबाबत बँकेला लेखी कळवावे.

कशाला गैरवर्तन म्हणतात

दावा हरणे म्हणजे वकिलाचे गैरवर्तन नव्हे. युक्तिवाद कमकुवत वाटला, उलटतपासात एखादा प्रश्न राहून गेला, किंवा दुसऱ्या वकिलाने ‘मी असतो तर असे केले असते’ म्हटले, यावर तक्रार उभी राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच सांगून ठेवले आहे की निव्वळ निष्काळजीपणा किंवा निर्णयातील चूक हे व्यावसायिक गैरवर्तन होत नाही. निष्काळजीपणा घोर असावा आणि त्याला अप्रामाणिकपणाची किंवा कर्तव्यच्युतीची जोड असावी. ही रेषा कठोर वाटते, पण ती असायला हवी, नाहीतर प्रत्येक निकालानंतर हरलेल्या बाजूचा वकील चौकशीत उभा राहील.

रेषेच्या पलीकडे काय येते, ते अधिवक्ता अधिनियम, १९६१ आणि त्याखाली भारतीय बार कौन्सिलने केलेल्या आचारनियमांवरून कळते. एकदा घेतलेले काम वकिलाने पुरेशा कारणाशिवाय व पुरेशी आगाऊ सूचना दिल्याशिवाय सोडू नये, आणि सोडल्यास न केलेल्या कामाची फी परत करावी. समोरच्या पक्षाशी काही संबंध असेल तर तो आधीच उघड करावा. एका पक्षाला सल्ला देऊन त्याच प्रकरणात दुसऱ्या पक्षातर्फे उभे राहू नये. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले बाहेर बोलू नये. हे गोपनीयतेचे बंधन भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्येही आहे. पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवावा, त्याच्या वतीने आलेली रक्कम त्याला कळवावी आणि मागितल्यास हिशेबाची प्रत द्यावी. अशिलाची वादग्रस्त मालमत्ता स्वतःच खरेदी करणे हाही विश्वासघात ठरतो. दिल्लीच्या एका वकिलाची सनद याच कारणासाठी वर्षभर निलंबित झाली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम ठेवली.

टक्केवारीच्या फीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. अपघात नुकसानभरपाईच्या आणि भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याच्या प्रकरणांत ‘आत्ता काही देऊ नका, मिळालेल्या रकमेतले इतके टक्के द्या’ अशी बोली गावोगाव चालते आणि घरातला कमावता माणूस गमावलेल्या कुटुंबाला त्या वेळी ती सोयीचीही वाटते. आचारनियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे निषिद्ध आहे. डिसेंबर २०१७ मध्ये बी. सुनीता विरुद्ध तेलंगण राज्य या प्रकरणात, अपघात भरपाईतील टक्केवारीसाठी घेतलेल्या धनादेशावरून वकिलाने केलेली फौजदारी फिर्याद सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि अशी मागणी सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे म्हटले. तेव्हा असा धनादेश दिला गेला असेल आणि तो वटला नाही म्हणून नोटीस आली असेल, तर घाबरून पैसे भरण्याआधी हा निकाल नव्या वकिलाला दाखवावा.

तडजोडीच्या बाबतीतही असाच घोळ होतो. छापील वकीलपत्रात तडजोड करण्याचा अधिकार वकिलाला दिल्याचे वाक्य बहुधा असते आणि सही करताना ते कोणी वाचत नाही. तरीही, पक्षकाराच्या स्पष्ट सूचनेशिवाय वकिलाने त्याचा हक्क सोडून देणारी कबुली देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बजावले आहे. संमतीविना तडजोड हुकूमनामा झाला असेल तर त्याविरुद्ध नवा दावा लावता येत नाही, ज्या न्यायालयाने तो दिला तिथेच अर्ज करावा लागतो.

समोरच्या पक्षाच्या वकिलाविरुद्ध तक्रार करण्याचा मोह मात्र आवरावा. त्यांनी आपल्या विरोधात कैफियत लिहिली, आपल्याला उलटतपासात अडचणीचे प्रश्न विचारले, हे त्यांचे कामच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे आलेल्या अशाच एका तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, गैरवर्तनाच्या तक्रारीसाठी तक्रारदार व वकील यांच्यात सामान्यतः व्यावसायिक नाते असावे लागते, आणि निराधार तक्रार पुढे चालवल्याबद्दल खुद्द कौन्सिललाच खर्च भरायला लावला.

आधी एक पत्र

तक्रारीपूर्वी वकिलांना एक शांत, लेखी पत्र द्यावे. पुष्कळ प्रकरणे इथेच मिटतात, आणि मिटली नाहीत तर हेच पत्र पुढे पुरावा होते. ते स्पीड पोस्टाने पाठवावे, पोचपावती जपावी आणि त्याचीच प्रत ईमेल वा व्हॉट्सअ‍ॅपवर द्यावी. मजकूर साधारण असा असावा:

‘महोदय, आपण दि. … रोजी माझे वकीलपत्र घेऊन … येथील दिवाणी न्यायालयातील रे. मु. नं. (रेग्युलर मुकदमा नंबर) … हा दावा माझ्यातर्फे चालवण्यास स्वीकारला. त्यापोटी मी दि. … रोजी रु. … इतकी रक्कम दिली. ई-कोर्ट्सवरील नोंदीनुसार दि. …, दि. … व दि. … या तारखांना आपण गैरहजर होता आणि दि. … रोजी दावा काढून टाकण्यात आला, असे मला दि. … रोजी समजले. या तारखांबाबत आपले म्हणणे मला लेखी कळवावे, सोबतच्या यादीतील मूळ कागदपत्रे व हिशेब परत द्यावा आणि नव्या वकीलपत्रावर ना हरकत द्यावी. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस मी वाट पाहीन.’

पत्रात धमकी नसावी, विशेषणे नसावीत आणि इतर अशिलांच्या ऐकीव गोष्टी नसाव्यात. दावा पुनर्स्थापित करण्याची मुदत चालू असेल तर हे पंधरा दिवस संपण्याची वाट न पाहता तो अर्ज आधी दाखल करावा. जिल्ह्याच्या वकील संघाच्या अध्यक्षांना भेटूनही कधी कधी कागद व फीचा प्रश्न सुटतो, आणि त्यांची मध्यस्थी घेण्यात काही वावगे नाही. मात्र वकील संघ म्हणजे बार कौन्सिल नव्हे. संघाला सनदेवर कारवाई करण्याचा अधिकार नाही.

बार कौन्सिलकडे तक्रार

ज्या राज्याच्या बार कौन्सिलच्या यादीत वकिलाचे नाव आहे तिथेच तक्रार करावी लागते, दावा कुठे चालू आहे याला महत्त्व नाही. आपल्याकडील बहुतेक वकिलांची नोंदणी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलमध्ये असते आणि तिचे कार्यालय मुंबईत फोर्ट भागात उच्च न्यायालयाच्या आवारात आहे. वकीलपत्रावर वकिलाच्या सहीखाली सनद क्रमांक असतो, त्याच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून नोंदणी कुठली हे कळते.

तक्रार साध्या पत्राच्या रूपात चालत नाही. ती याचिकेच्या स्वरूपात, सहीनिशी आणि दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे सत्यापन करून (मजकूर खरा असल्याचे नमूद करून) द्यावी लागते. ती मराठीत देता येते, राज्यभाषेतील तक्रार स्वीकारण्याची तरतूद भारतीय बार कौन्सिलच्या नियमांतच आहे. इंग्रजी कच्चे असताना दुसऱ्याकडून ओळखीपाळखीने इंग्रजीत लिहून घेतलेल्या तक्रारीत तपशील हरवतात आणि चौकशीत तक्रारदारालाच आपले म्हणणे ओळखू येत नाही, म्हणून मराठीतच लिहावे हे माझे ठाम मत आहे. ठरावीक शुल्क, प्रतींची संख्या आणि शपथपत्राचा नमुना ही माहिती दाखल करण्यापूर्वी कार्यालयाकडून घ्यावी, कारण या त्रुटींवरून तक्रार परत येते.

मजकूर परिच्छेदांना क्रमांक देऊन, घटनाक्रमाने लिहावा. आधी तक्रारदाराचे व जाब देणाऱ्या वकिलांचे पूर्ण नाव, पत्ता व सनद क्रमांक, मग प्रकरणाचा तपशील, मग एकेक घटना तारखेसह आणि प्रत्येक घटनेसमोर तिचा पुरावा कोणत्या पानावर आहे याचा उल्लेख. सत्यापनात कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीचे आणि कोणते इतरांकडून कळलेले, हे वेगळे सांगावे लागते. ही वाटणी प्रामाणिकपणे केली तर पुढे उलटतपासात त्रास होत नाही. ‘वकिलांनी विरुद्ध पक्षाशी संगनमत केले’ हे वाक्य पुष्कळ तक्रारींत असते आणि त्याला आधार क्वचितच असतो. शिस्तभंगाच्या चौकशीत पुराव्याचा दर्जा उच्च लागतो, कारण माणसाच्या उपजीविकेचा प्रश्न असतो. जे सिद्ध होईल तेवढेच लिहावे. तीन तारखांची गैरहजेरी, खोटा निरोप आणि न दिलेला हिशेब एवढेही पुरेसे वजनदार असते.

पैसे रोखीने दिले असतील आणि पावती नसेल तर हताश होऊ नये. त्या दिवशी बँकेतून काढलेली रक्कम, सोबत गेलेल्या व्यक्तीचे शपथपत्र, ‘पैसे मिळाले’ असा एखादा संदेश, हे सर्व जोडावे. कोर्ट फीसाठी म्हणून मोठी रक्कम घेतली असेल तर दावाअर्जाची प्रमाणित नक्कल काढून प्रत्यक्षात किती कोर्ट फी भरली गेली ते पाहावे, तिथे फरक निघाला तर तो कागदोपत्री सिद्ध झालेला असतो. संभाषणाचे ध्वनिमुद्रण असल्यास मूळ मोबाइल संच जपून ठेवावा. आणि ही सगळी प्रकरणे गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नयेत. अधिकार असलेल्या संस्थेकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला बदनामीच्या कायद्यात संरक्षण आहे, गटावरच्या मजकुराला ते मिळेलच असे नाही.

तक्रार आल्यावर कौन्सिल वकिलांकडून उत्तर मागवते. गैरवर्तन झाले असावे असे मानण्यास कारण दिसले तर प्रकरण अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जाते आणि राज्याच्या महाधिवक्त्यांनाही नोटीस निघते. समितीला साक्षीदार बोलावण्याचे, कागद हजर करवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. तक्रारदाराने स्वतः तारखांना हजर राहायला हवे, कारण गैरहजर राहिल्यास प्रकरण त्याच्या माघारी चालू शकते. समिती तक्रार फेटाळू शकते, वकिलांना ताकीद देऊ शकते, ठरावीक काळ सनद निलंबित करू शकते किंवा नाव यादीतून कायमचे काढू शकते. नुकसानभरपाई ठरवून देणे तिच्या कामात येत नाही.

कायद्याप्रमाणे तक्रार एका वर्षात निकाली निघायला हवी, अन्यथा ती भारतीय बार कौन्सिलकडे वर्ग होते. प्रत्यक्षात विलंब होतो, म्हणूनच डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ही वर्षाची मर्यादा पाळण्याची आठवण राज्य बार कौन्सिलांना करून द्यावी लागली. वर्ष उलटत आले की लेखी स्मरणपत्र द्यावे. कौन्सिल संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली असल्याने तक्रार कोणत्या टप्प्यावर आहे हे माहितीच्या अधिकाराखालीही विचारता येते. समितीच्या आदेशावर ६० दिवसांत भारतीय बार कौन्सिलकडे आणि तिच्या आदेशावर पुन्हा ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. तक्रार समितीकडे न पाठवता आधीच निकाली काढली असेल तर भारतीय बार कौन्सिलकडे पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो. वाटेत वकिलांनी पैसे परत देऊन समझोता करायची तयारी दाखवली तर पैसे घ्यायला हरकत नाही, मात्र केवळ समझोता झाला किंवा तक्रारदार मागे हटला म्हणून चौकशी बंद होत नाही, असा नियम आहे. तेव्हा ‘तक्रार मागे घेतोच’ असे लिहून देऊ नये, ते आपल्या हातात नसते.

पैसे, पोलीस आणि मोफत वकील

आर्थिक नुकसानीसाठी दिवाणी न्यायालय उरते. तिथे वकिलाची चूक झाली एवढे दाखवून भागत नाही, ती चूक नसती तर आपल्याला अमुक मिळाले असते हेही सिद्ध करावे लागते, आणि दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आत आणावा लागतो. लहान रकमेसाठी ही वाट खर्चाची आहे. न केलेल्या कामाची फी परत मागायची असेल तर आधीचे पत्र आणि बार कौन्सिलची तक्रार यांच्या दबावाने ती बहुधा लवकर मिळते.

फौजदारी मार्ग वेगळ्याच प्रसंगांसाठी आहे. न्यायालयात भरायला दिलेली रक्कम खिशात घातली, आपल्या नावे आलेली भरपाई परस्पर काढली, न्यायालयाचा बनावट आदेश किंवा खोटी पावती हातात दिली, तर तो गुन्हा आहे. त्यासाठी पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्यावी आणि त्याच वेळी बार कौन्सिललाही कळवावे. बनावट आदेशाचा संशय असेल तर आधी ज्या न्यायालयाचे नाव त्यावर आहे तिथून प्रमाणित नक्कल मागावी. असा आदेश अस्तित्वातच नाही, हे तिथूनच कळते.

विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकिलाबद्दल तक्रार असेल तर मार्ग सोपा आहे. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती आणि उत्पन्नमर्यादेत बसणारे नागरिक यांना मोफत वकील मिळतो, महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही. अशा वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घेता कामा नये. घेतला, किंवा तारखांना येत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी अर्ज करून वकील बदलून मागावा. हे सचिव न्यायिक अधिकारी असतात आणि जिल्हा न्यायालयातच बसतात. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची १५१०० ही मदतवाहिनीही आहे. खासगी वकिलाने फसवल्यावर नव्याची फी परवडत नसेल, तर दावा पुनर्स्थापित करण्यासाठीही याच कार्यालयातून वकील मिळू शकतो.

गावातील जमिनीचे दावे दुरून चालवणाऱ्या, परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसांची अडचण थोडी वेगळी असते, कारण त्यांचा सगळा भार वकिलाच्या निरोपावर असतो. ई-कोर्ट्सची नोंद परदेशातूनही पाहता येते, तेव्हा प्रत्येक तारखेनंतर ती पाहून तिची प्रत जपावी. तक्रारीसोबतचे शपथपत्र भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात करता येते. इथल्या कामासाठी नातेवाइकाला कुलमुखत्यारपत्र देताना त्यात वकील नेमण्याचा, बदलण्याचा आणि कागद परत घेण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहावा, व जुन्या वकिलांकडेच ते पत्र दिलेले असेल तर ते रद्द केल्याची नोटीस वकीलपत्र रद्द करण्याच्या अर्जासोबतच द्यावी.